चॅटमधून गेम खेळवायचा आहे, पण गाडी दर वळणाला भिंतीवर जाते (गणपतीतल्या लाइव्हसाठी)

आचरेकर_लाइव्ह

नमस्कार मंडळी. मी आचऱ्याहून लिहितोय, मालवण तालुका. युट्यूबवर माझं छोटंसं चॅनल आहे. गेम खेळतो आणि खेळता खेळता मालवणीत गजाली मारतो. बघणारे ओळखीचेच: वाडीतली पोरं, डोंबिवली-विरारकडची नातेवाईक मंडळी, आणि बोटीवर असलेला एक मावसभाऊ, त्याला रेंज मिळेल तेव्हा.

यंदा गणपतीत एक गोष्ट करायची मनात आहे. चाकरमानी येतात, पण सगळ्यांनाच रजा मिळत नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांना रात्री भजनं आटपल्यावर घरच्यांबरोबर एकच गेम खेळता यावा. म्हणजे हातात कंट्रोलर कुणाच्याच नाही, चॅटमध्ये लोक लिहितील तसा गेम चालणार.

सध्या लॅपटॉपवर ओबीएस आहे, म्हणजे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट. चॅटमध्ये 'डावीकडे' आलं की डाव्या बाणाचं बटण दाबलं जातं. गेम घेतला सुपरटक्सकार्ट, कारण फुकट आहे आणि पोरांना शर्यत आवडते. आज्ञा पोचतात, पण 'डावीकडे' येईपर्यंत वळण मागे गेलेलं असतं. इंटरनेट फायबरचं आहे, वीज मात्र भाद्रपदात कधी जाईल सांगता येत नाही.

हा उशीर कमी करता येतो का? नाहीतर कुठला गेम घ्यावा? प्रत्येकाची आज्ञा चालवायची की मतं मोजायची? आणि माझी चुलत बहीण चौदा वर्षांची आहे, तिला स्वतःच्या चॅनलवरून हे लाइव्ह करायचंय, ते जमेल का?

रत्नागिरी_केबल

युट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या सेटिंगमध्ये लेटन्सी असते, म्हणजे चित्र पोचायला लागणारा उशीर. नॉर्मलवरून 'अल्ट्रा लो' करा. युट्यूबच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेकांना ५ सेकंदांच्या आत दिसतं, 'लो'मध्ये १० च्या आत. ओबीएसमध्ये कीफ्रेमचं (म्हणजे पूर्ण पाठवलेल्या चित्राचं) अंतर २ सेकंद ठेवा. ७२०पी पुरे आहे, अपलोड साधारण ४ एमबीपीएस स्थिर मिळालं की झालं. लॅपटॉप वायरने जोडा, वायफायवर नको. आणि इन्व्हर्टरवर राउटरसुद्धा घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि राउटर बंद पडतो, मग सगळंच बंद.

चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या नावाने लाइव्ह करता येणार नाही. युट्यूबने २२ जुलै २०२५ पासून त्यासाठी किमान वय १६ केलंय. तुमच्या चॅनलवर तुमच्या शेजारी बसून बोलू दे.

वेंगुर्ल्यातून_ऑनलाइन

वर दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे, ते आधी कराच. पण अल्ट्रा लो केल्यावरही शर्यतीचा गेम चॅटवर चालणार नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेतलंत तर पुढची अर्धी डोकेदुखी वाचेल.

मी वेंगुर्ल्यातून घरूनच काम करते, सॉफ्टवेअर तपासायचं. शनिवारी रात्री आमच्याकडे असंच लाइव्ह असतं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

पाच सेकंद हा चांगल्या नेटवरचा आकडा. डोंबिवलीच्या काकांना चित्र पाच सेकंदांनी दिसेल. वाडीत आंब्याच्या बागेत उभा राहून एका काडीच्या रेंजवर बघणाऱ्या पोराला कदाचित पंधरा-वीस सेकंदांनी. बोटीवरच्या भावाचं तर विचारूच नका. म्हणजे तुमच्या चॅटमधले लोक एकाच क्षणी एकच चित्र बघत नसतात. काका तिसरं वळण बघून लिहितात, पोरगा पहिलं वळण बघून लिहितो, आणि गाडी असते चौथ्यावर. सेटिंग कितीही बदललीत तरी हा फरक राहणारच. म्हणून उशिराशी भांडू नका. उशीर झाला तरी ज्याचं काही बिघडत नाही असा गेम निवडा.

या प्रकाराची सगळ्यात मोठी कसोटी २०१४ साली लागली. एका ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने, त्याने आपलं नाव जाहीर केलं नाही, ट्विच या लाइव्ह गेम दाखवायच्या साइटवर पोकेमॉन रेड हा जुना गेम लावला आणि चॅटमध्ये येईल ते बटण दाबणारी स्क्रिप्ट जोडली. १२ फेब्रुवारीला सुरू झालं, १ मार्चला गेम पूर्ण झाला. अकरा लाखांहून जास्त लोकांनी आज्ञा दिल्या, एका वेळी बघणाऱ्यांचा आकडा एक लाख एकवीस हजारांपर्यंत गेला. तिथेही चित्र बऱ्याच सेकंदांनी उशिरा दिसायचं. तरी गेम पुढे सरकला, कारण तो जुना पोकेमॉन आहे. तुम्ही बटण दाबलं नाहीत तर तो जागेवर उभा राहतो. लढाईतसुद्धा आपली चाल होईपर्यंत समोरचा थांबतो. तुमच्या सुपरटक्सकार्टची गाडी कुणासाठी थांबत नाही, एवढाच काय तो फरक.

तिथली एक जागा लोकांच्या कायमची लक्षात राहिली. साधी वाट, पण खालच्या बाजूला उतार. चुकून एकाचं 'डाउन' मध्ये आलं की पात्र खाली उडी मारतं आणि लांबून वळसा घालून परत यायचं. हजारो लोक सरळ जायला बघतायत आणि उशिरा पोचलेलं एकेक 'डाउन' सगळ्यांना खाली ओढतंय, असं तासन्‌तास चाललं. पुढे रॉकेट टोळीच्या अड्ड्यात घसरत्या फरश्यांचा चकवा लागला, तिथे गाडी अडलीच. तेव्हा त्या प्रोग्रामरने मतमोजणी आणली: ठराविक वेळ मतं गोळा करायची, जास्त मतं पडली ते बटण दाबायचं. तिला नाव पडलं डेमोक्रसी, आणि जुन्या पद्धतीला ॲनार्की. आणि गंमत नाही, खरंच लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. मतमोजणीत 'स्टार्ट९' जिंकलं की स्टार्टचं बटण नऊ वेळा दाबलं जायचं आणि मेन्यू नुसता उघड-बंद होत राहायचा, तेच लिहून त्यांनी गेम रोखून धरला.

मला त्या लोकांचं पटतं. मतमोजणीत गेम शहाण्यासारखा चालतो, पण ज्याचं मत हरलं त्याला आपण तिथे होतो की नव्हतो हे कळत नाही. लाखभर लोकांत ते चालून जातं. तुमच्याकडे चाळीस जण असतील, त्यात आठ वर्षांचं पोर असेल. त्याने 'वर' लिहिलं, मोठ्यांनी 'खाली' लिहिलं, पाच फेऱ्या असंच झालं की ते पोर फोन ठेवून देतं. म्हणून माझं ठाम सांगणं आहे: कोणाची आज्ञा पोचली हे पडद्यावर नावासकट दिसलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. ट्विचवरच्या त्या पोकेमॉनमध्येही उजव्या बाजूला नाव आणि बटण अशी यादी सतत सरकत असायची, उगाच नाही. उशीर असतोच, त्यामुळे लिहिणाऱ्याला गेममध्ये लगेच काही दिसत नाही. मग तो परत लिहितो, परत लिहितो, आणि जुन्या आज्ञांचा ढीग साठतो. नाव दिसलं की माणूस थांबतो. डोंबिवलीत बसलेल्या काकांचं नाव माजघरातल्या टीव्हीवर आलं की घरातले ओरडतात, ते तुमच्या माइकमधून काकांना ऐकू जातं. तुम्हाला गणपतीत जे करायचंय ते हेच ना?

आता गेम. पहिल्या रात्री २०४८ लावा. आकड्यांच्या चौकोनी ठोकळ्यांचा तो गेम, २०१४ सालचाच आहे, कोड खुला आहे, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये चालतो. चारच आज्ञा आणि घड्याळ नाही. आजीलाही दोन मिनिटांत समजतो. त्यात मतं मोजू नका, रांग लावा. चॅटमध्ये लिहिलं त्या क्रमाने प्रत्येकाची एक चाल, आणि आपली चाल झाल्याशिवाय त्याच माणसाची दुसरी रांगेत घ्यायची नाही. तीन सेकंदांना एक चाल ठेवलीत तर चाळीस जणांचा फेरा दोन मिनिटांत होतो. एखादी चाल सगळा डाव बिघडवेल, बिघडू दे. कोणी बिघडवला ते नाव दिसतंय, मग चॅट जिवंत होतं.

आज्ञांबद्दल. पोरं 'डावीकडे' लिहितील, 'डावी', 'डावा', 'डाव्याक', कोणी रोमन अक्षरांत, कोणी नुसता बाण. शब्दांची मोठी यादी करत बसण्यापेक्षा पडद्यावर चार दिशांना चार आकडे द्या: १, २, ३, ४. फोनवर एकच बटण दाबायचं. मराठी आकडा आला काय नि इंग्रजी आकडा आला काय, पायथनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) दोन्ही समजतात, वेगळं काही करावं लागत नाही. शब्द ठेवायचेच असतील तर तुलना करण्याआधी युनिकोड नॉर्मलाइज करा, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर ते एकसारखं करून घ्या, आणि न दिसणारे जोडाक्षरांचे जॉइनर काढून टाका. फोनचे काही कीबोर्ड ते मध्येच घुसवतात, मग दिसायला शब्द तोच आणि स्क्रिप्टला मात्र वेगळा.

चॅटमधला मजकूर जसाच्या तसा कीबोर्डकडे कधीही पाठवू नका. ठरलेल्या चार आज्ञा, त्यांची ठरलेली चार बटणं, बाकी सगळं टाकून द्यायचं. नाहीतर कोणीतरी खिडकी बंद करायची बटणं लिहील, आणि तो तुमच्या घरातला लॅपटॉप आहे. बटण दाबणं आणि सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मध्ये किती वेळ धरायचं तेही स्क्रिप्टनेच ठरवायचं. पुढे कधी विंडोजवरचे मोठे गेम घेतलेत आणि बटणं लागू पडेनात, तर बटण दाबायला पायथनच्या पायऑटोगुई लायब्ररीऐवजी पायडायरेक्टइनपुट वापरा किंवा व्हीगेमपॅडने खोटा कंट्रोलर तयार करा. बरेच गेम कीबोर्ड विंडोजच्या डायरेक्टइनपुट या वेगळ्या वाटेने वाचतात, त्यांना साधं बटण दिसतच नाही.

युट्यूबचं चॅट अधिकृत एपीआयने (स्क्रिप्टला माहिती मागायची युट्यूबची सोय) वाचत असाल तर रोजचा कोटा १०,००० युनिटचा असतो. दर सेकंदाला विचारत राहिलात तर तो रात्र संपायच्या आधीच संपेल. दर उत्तरात पुढचं कधी विचारायचं ते मिलिसेकंदांत आलेलं असतं, तेवढं थांबा. ट्विचवर हे सोपं आहे, तिथलं चॅट म्हणजे आयआरसी ही जुनी चॅटची पद्धत, एकदा जोडणी उघडली की ओळी आपोआप येत राहतात. पण तुमची माणसं युट्यूबवर आहेत. आत्याला नवीन ॲप घ्यायला लावू नका.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे. लाइव्ह करताना 'मेड फॉर किड्स' वर होय केलंत तर युट्यूब चॅट बंदच ठेवतं. मग आज्ञा येणार कुठून? तुमचं लाइव्ह सगळ्या कुटुंबासाठी आहे, मुद्दाम लहान मुलांसाठी बनवलेलं नाही, ते विचार करून नीट भरा.

जुन्या कन्सोलचे गेम नेटवरून उतरवून लावू नका. ते चोरीचे असतात आणि चॅनलच्या अंगाशी येऊ शकतं. खुल्या कोडचे भरपूर आहेत.

आचरेकर_लाइव्ह

ताई, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. २०४८ काल रात्री वाडीतल्या पोरांना बसवून लावला, रांगेच्या पद्धतीने. नावं दिसायला लागल्यावर एकेक जण आपली पाळी कधी येते ते मोजत बसला होता.

फक्त एक. अकरा दिवस गणपती आहे आमच्याकडे. रोज २०४८ नाही पुरणार. गावातले आणि मुंबईकर असे दोन गट करून काही खेळता येईल का?

चिपळूणचे_मास्तर

बुद्धिबळ. मी शाळेत शिकवतो आणि मुलांना हेच सांगतो. १९९९ साली रशियाचा बुद्धिबळपटू कास्पारोव्ह एकटा आणि समोर इंटरनेटवरून सगळं जग असा डाव झाला होता. जून ते ऑक्टोबर चालला. एका चालीला २४ तास, लोक मतं द्यायचे, जास्त मतांची चाल खेळली जायची. ७५ हून जास्त देशांतून पन्नास हजारांवर लोक होते. कास्पारोव्ह ६२ चालींत जिंकला, पण त्याला घाम फुटला. जगाच्या बाजूने इरिना क्रश नावाची पंधरा वर्षांची मुलगी चाली सुचवत होती आणि लोक तिच्या विश्लेषणावर मतं देत होते. नेट कितीही संथ असो, बुद्धिबळाला फरक पडत नाही. तुम्ही रोज आरतीनंतर तीन-चार चाली करा, अकरा दिवसांत डाव पुरा होईल. ज्याला रात्री रेंज नाही तो दुपारी मत देईल. बोटीवरचा भाऊसुद्धा.

मतमोजणीबद्दल ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. बुद्धिबळात मत हरलं तरी मुलगा विचार करतो की माझी चाल का नको होती. फक्त चाल ठरायच्या आधी चर्चा झाली पाहिजे.

वेंगुर्ल्यातून_ऑनलाइन

मास्तर, चर्चेचं अगदी मान्य. चर्चा असेल तर हरलेलं मतही वाया जात नाही. बोटीवरच्या भावाला दुपारी मत देता येईल हेही मला सुचलं नव्हतं. रोजच्या तीन चाली नक्की ठेवा, आचरेकर.

दोन गटांचं म्हणाल तर सांगते. मी आणि माझा भाऊ गोडोमध्ये एक छोटा गेम करतोय, फुकटचं गेम इंजिन आहे ते. गेम रापणीचा. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं आहे आणि किनाऱ्यावर त्याचे दोन दोर. एका दोरावर गाववाले, दुसऱ्यावर मुंबईकर. आज्ञा दोनच: १ म्हणजे ओढ, २ म्हणजे थांब. दर फेरी २५ सेकंदांची, म्हणजे सगळ्यात मागे असलेल्यालाही चित्र बघून लिहायला वेळ मिळतो. फेरीत एका माणसाचं एकच धरायचं, शेवटचं लिहिलेलं. कितीही वेळा लिहिलं तरी जोर वाढत नाही, त्यामुळे चॅट तुंबत नाही.

यातला हिशेब महत्त्वाचा. बाजूचा जोर म्हणजे किती जणांनी ओढलं हा आकडा घेतला तर ज्या बाजूला माणसं जास्त ती नेहमी पुढे. म्हणून बाजूला असलेल्या माणसांपैकी किती जणांनी ओढलं ते प्रमाण घेतो. पाच मुंबईकर सगळे ओढतायत आणि तीस गाववाल्यांतले निम्मे झोपलेत, तर मुंबईचा दोर पुढे येतो. दोन्ही दोरांत फार अंतर पडलं की जाळं तिरकं होतं आणि मासळी बाहेर पडू लागते, दोघांचीही. त्यामुळे पुढे गेलेल्यांना '२' लिहून थांबावं लागतं.

असा गर्दीचा खेळ कॉम्प्युटरवर १९९१ सालीच रंगला होता. लास वेगासला, लॉरेन कार्पेंटर या ग्राफिक्स तज्ज्ञाने ग्राफिक्सच्या एका परिषदेत प्रेक्षकांच्या हातात एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरव्या अशा पाट्या दिल्या. कॅमेरा रंग मोजायचा आणि त्यावर पडद्यावरचा पाँग हा बॅट-चेंडूचा जुना गेम चालायचा, अर्धं सभागृह एक बॅट, अर्धं दुसरी. कोणी कोणाला सूचना देत नव्हतं, तरी हजारो माणसांना बॅट चेंडूसमोर आणता येत होती. तिथे उशीर नव्हता म्हणून पाँग चालला. आपल्याला उशीर आहे म्हणून संथ खेळ.

शिरोड्याचो_रापणकार

बरा लिवलंस गो बाय. माझो बापूस रापणीत होतो, मियाय लहानपणी दोराक हात लावलंय. एक गोष्ट घाल त्यात. रापणीत नंतर इलेल्या माणसाकय दोर धरूक दितत. वाटेन जाणारो कोण थांबलो, दोराक हात लावल्यान, तर जाताना तेका थोडी मासळी दितत. लहान पोरांकय. रिकाम्या हातान कोण जाणा नाय. तुझ्या गेमात शेवटाक वाटे कर. जेणी एकदाय ओढल्यान तेचा नाव आणि तेचो वाटो. उशिरान इलेलो असलो तरी.

आणि मासळी बघून घाल. पेडवे, बांगडे घाल, सुरमय नको ढिगान. रापणीत काय येता ता आमका ठावक असा, लोक बघून हसतले.

वेंगुर्ल्यातून_ऑनलाइन

काका, वाट्याचं आजच घालते. आमच्याकडे शेवटी फक्त जिंकलेल्या बाजूचं नाव येत होतं, ते काढते. नावांची यादी हळू सरकवायला लागेल, म्हणजे प्रत्येकाला आपलं नाव सापडेपर्यंत. मागे असलेल्यांना वीस सेकंद जास्त लागतात, त्यामुळे यादी संपल्यावरही लाइव्ह लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवायचं. आचरेकर, हे तुम्हीही लक्षात ठेवा, २०४८ च्या वेळीसुद्धा.

सुरमई काढली. बांगडे आणि पेडवे ठेवते, मध्ये एखादा मोठा मासा क्वचित.

आचरेकर_लाइव्ह

ताई, मग पहिले दोन दिवस २०४८, रोज आरतीनंतर मास्तरांच्या तीन चाली, आणि गौरी आल्या की रापण. फाइल तयार झाली की इथेच टाका. गट पाडायला एक विचारतो: चॅटवर नाव बघून कोण मुंबईकर ते स्क्रिप्टला कसं कळणार?

वेंगुर्ल्यातून_ऑनलाइन

स्क्रिप्टला कळायची गरज नाही. सुरुवातीला दोन मिनिटं फक्त गट निवडायला ठेवा. ५ लिहिलं की गाव, ६ लिहिलं की मुंबई. चॅनलच्या आयडीवर ते साठवून ठेवा, दाखवायच्या नावावर नको, कारण नाव लोक मध्येच बदलतात. जे नंतर येतील त्यांना ज्या बाजूला माणसं कमी तिकडे घाला, शिरोड्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे दोर धरायला मिळालाच पाहिजे. वीज गेली तर गट पुन्हा विचारावे लागू नयेत म्हणून ती यादी दर फेरीला फाइलमध्ये लिहा. फाइल आठवड्याभरात टाकते, त्याआधी तुमच्या अपलोडचा वेग रात्री दहानंतर मोजून इथे कळवा. सगळी मुंबई गावात आलेली असते तेव्हाचा वेग वेगळा असतो.